दुधात उतरतं का?

वडजाईवाडीला पाट आला तो बनुबाईच्या सासऱ्याच्याही जन्माआधी. पाटानं ऊस आणला, उसामागं गुऱ्हाळं आली, गावातल्या पोरांना स्थळं चांगली सांगून येऊ लागली. आणि पाटाच्या कडेनं जी डबकी साचली, त्यांतून हीव आलं. भाद्रपद सरला की घरटी एक तरी माणूस भर दुपारी तीन-तीन गोधड्या पांघरून दात वाजवत पडलेलं असायचं. जतच्या कोरड्या मुलखातून सून म्हणून आलेल्या बनुबाईला पहिल्या वर्षी या दुखण्याचा पत्ताही नव्हता. तिच्या माहेरी प्यायला पाणी नव्हतं, तिथं डास कुठून येणार? तिसऱ्या वर्षी या हिवानंच तिची पहिली लेक नेली.

गोदा तिचं नाव. तिचा बाप लालासाहेब मराठा पलटणीत होता. तो बोटीवर चढला तेव्हा बनुबाईला चौथा महिना लागलेला. लेक झाल्याचं पत्र त्याला मिसरात मिळालं आणि लेक गेल्याचं इटलीत. चव्वेचाळीसच्या आश्विनात गोदाला ताप भरला. हिवावरचं औषध, कोयनेल, सगळं लढाईवर गेलेलं. बनुबाई लेकीला कडेवर घेऊन तीनदा इस्लामपूरच्या दवाखान्यात चालत गेली आणि तीनदा कंपाउंडरनं मान हलवली. चौथ्यांदा जायची वेळ आली नाही.

लालासाहेब शेहेचाळीसला परत आला. ओढ्याकडेला जिथं पोरीला पुरलं होतं ती जागा त्यानं विचारून घेतली, आणि दोन दिवस तो तिथंच जाऊन बसत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं बायकोला एवढंच विचारलं, "तोंडावळा कुणाचा हुता?" ती म्हणाली, "तुमचाच."

त्यामुळं सरकारनं गावोगाव हिवतापावर डीडीटी फवारायचं काढलं आणि पलटणीतून आलेल्या माणसांना बोलावलं, तेव्हा लालासाहेब पहिल्या दिवशी जाऊन नाव लावून आला. मुकादम झाला. हाताखाली चार माणसं, दोन पंप, बादल्या, पांढऱ्या भुकटीचे डबे. तो ते काम नोकरीसारखं करत नसे. भिंत कुठं कोरडी राहिली की स्वतः पंपाची नळी हातात घ्यायचा, आढ्यापर्यंत मारायचा, फडताळामागं मारायचा. डास म्हणजे त्याचा वैरी होता आणि या वैऱ्याला आता पहिल्यांदाच हत्यार लागू पडत होतं.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात वाडीत पहिली फवारणी झाली, तेव्हा बनुबाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. मुलगी झाली. शालन नाव ठेवलं. दिवाळी करून ती अडीच महिन्यांची पोर घेऊन सासरी आली, तर गाव बदललेलं. ढेकूण गेले होते. रात्रभर खाजवणारी पोरं गाढ झोपत होती. तिची सासू चंद्राबाई, जी सहसा कशाचं कौतुक करत नसे, ती म्हणाली, "औंदा आश्विनात गावात एक मयत न्हाई, बाय. एक न्हाई." आणि पदरानं डोळे पुसले, कारण गोदा तिच्याच मांडीवर गेली होती.

बनुबाईलाही बरं वाटलं. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढं लोकांनी तिला औषधाची वैरीण ठरवलं.

कार्तिकात दुसरी फवारणी आली. वरच्या आळीत सोमवारी मारून झालं, खालच्या आळीत शुक्रवारी मारायचं ठरलं. बनुबाईचं घर खालच्या आळीत. वरच्या आळीतल्या लीलाबाईच्या मांजरीनं बनुबाईच्या गोठ्यात, उसाच्या पाचटाच्या ढिगात, चार पिल्लं घातली होती. त्यांचे डोळे अजून नीट उघडले नव्हते. ती मांजर दिवसभर वरच्या आळीत हिंडायची. फवारल्यावर तिथं पाली, झुरळं भिंतीवरून पटापटा पडत होती आणि मांजरीला आयतीच चंगळ झाली होती. पोट भरलं की ती खाली यायची आणि पिल्लांना पाजत पडायची.

बुधवारी सकाळी शेण काढायला गेलेली बनुबाई पाचटापाशी थांबली. पिल्लं कापत होती. थंडी म्हणावी तर ऊन अंगावर पडलेलं. पायांना झटके येत होते, माना लटलट हलत होत्या. मांजर मात्र चालतीफिरती होती. फक्त तिचे कान मधूनच फडफडायचे. दुपारपर्यंत दोन पिल्लं मेली. गुरुवारी उजाडता उजाडता मांजर गव्हाणीखाली ताठ पडलेली सापडली, आणि उरलेली दोन पिल्लं तिच्या पोटाशी.

मांजर मेली याचं गावात कुणाला काही वाटलं नाही. लीलाबाई म्हणाली, "पाली खाल्ल्या, दुसरं काय." तेवढंच. पण बनुबाईच्या डोक्यात मांजर नव्हती, पिल्लं होती. पिल्लांनी पाली खाल्ल्या नव्हत्या. ती पाचटातून हलली नव्हती. त्यांच्या पोटात दुधाशिवाय काही गेलं नव्हतं. आणि दोन तर आई जिती असतानाच गेली.

तिनं लीलाबाईला विचारलं, "तुजं प्वार कसं हाय गं?" लीलाबाईचा मुलगा पाच महिन्यांचा, अंगावर पिणारा.

"बरं हाय की. का?"

"काय न्हाई. कापतंय बिपतंय का?"

"आगं, चांगलं गुटगुटीत हाय. तुला काय झालंया?"

त्याच दिवशी ती मळ्यात भाकरी घेऊन गेली. मळ्यात बिराप्पाची मेंढरं बसवली होती. बिराप्पा धनगर तिच्या माहेरच्या गावचा. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचा आणि खतासाठी वाटेतल्या रानांत मेंढरं बसवत जायचा. बनुबाई त्याला मामा म्हणायची, तो तिला बनव्वा.

"मामा, मेंढीनं इखारी पाला खाल्ला तर कोकराला बादतंय का?"

बिराप्पानं तंबाखू मळता मळता तिच्याकडं पाहिलं. "बादतंय म्हंजी? कवा कवा मेंढी तगती अन् कोकरू जातंय. मेंढीचं आंग मोठं, तिला सोसतंय. कोकराला तेवढंच लय हुतंय. तुला ठावं न्हाई का? कडू लिंबाचा पाला खाल्लेल्या शेळीचं दूध तूच थुकून दिलतंस, एवढी हुतीस तवा." त्यानं हात गुडघ्याएवढा धरला.

हे तिला ठाऊक होतंच. वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बाळंतिणीनं चवळी खाल्ली की पोराचं पोट फुगतं, सोनामुखी घेतली की पोराला जुलाब होतात. मग जे भिंतीवरून पालीत, पालीतून मांजरीत आणि मांजरीतून पिल्लांत गेलं, ते बाईतून लेकरात का जाणार नाही? बाईही त्याच भिंतीला टेकून बसते. त्याच भिंतीखाली चूल, त्याच भिंतीला पिठाचा डबा. हात भिंतीला लागतो, तोच हात भाकरीला लागतो.

लालासाहेब संध्याकाळी घरी आला तेव्हा तिनं सगळं सरळ सांगितलं. तो आधी हसला. मग ती गंभीर आहे हे पाहून हातपाय धुता धुता थांबला.

"आगं, इटलीत आमाला हीच भुकटी शर्टात पंपानं मारायची. गळ्यातनं, बाह्यांतनं. पांढरीफेक व्हायची पलटण. उवा गेल्या, ताप गेला. मला काय झालं?"

"तुमी कुणाला पाजत न्हवता," बनुबाई म्हणाली.

मग तो चिडला. म्हणाला, मांजर आणि माणूस एक करतेस का? म्हणाला, गोदाला विसरलीस का?

हे शेवटचं त्यानं बोलायला नको होतं. ते त्यालाही लगेच कळलं. बनुबाई चुलीपुढून उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमी कागदावर वाचली गोदा. मी कडंवर घिऊन हिंडले तिला. मला हीव काय आस्तंय ते शिकवू नगा. मी औषीद नगं म्हणत न्हाई. माज्या दुधात जातंय का, ते सांगा. ते कुणीतरी सांगंल तवा मारा."

चंद्राबाई मुलाच्या बाजूनं बोलली. सुनेला येडंखुळं लागलंय म्हणाली. त्या घरात त्या वेळी बनुबाईच्या बाजूनं कुणी नव्हतं.

शुक्रवारी फवारणी खालच्या आळीत आली. सूर्य वर आला तोवर तीन घरं झाली होती. बनुबाईनं शालनला मांडीवर घेतलं आणि ती स्वतःच्या उंबऱ्यावर बसली. आडवी, चौकटीला पाय लावून. पंप हाणणारा गुंडा बादली घेऊन दारात आला आणि मुकादमाचीच बायको बघून मागं सरला.

"वैनी, जरा सरा की."

"सरत न्हाई, गुंडाभावजी."

गर्दी जमायला वेळ लागला नाही. पोलीसपाटील भाऊसो आले. भाऊसो म्हातारे, शब्दाला वजन असलेले. त्यांनी आधी समजावलं: "एक घर ऱ्हायलं तर डास त्याच घरात दडणार, पोरी. तुज्यापायी गावाचं नुसकान." मग थोडं दरडावलं, की हे सरकारी काम आहे, आडवं आलं तर नाव वर लिहून पाठवावं लागतं.

"लिवा," बनुबाई म्हणाली. "माजं नाव बनुबाई लालासाहेब. त्येच्याखाली ह्ये बी लिवा, की बाई इचारती, दुधात उतरतं का. उत्तर आलं की मी आपसूक उठंन."

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी हसलं. भाऊसो लालासाहेबाकडं पाहू लागले. सगळेच पाहू लागले. त्याची माणसं, त्याचा गाव, त्याच्या हातात पंपाची नळी, आणि समोर त्याची बायको. बाजूला उचलून ठेवली असती तर तिला उचलणं त्याला जड नव्हतं, आणि गावानं त्याला शाबासकीच दिली असती. बनुबाईला तो क्षण पुढं कधी विसरता आला नाही. तिनं शालनला घट्ट धरलं होतं आणि ती त्याच्या हातांकडं पाहत होती, तोंडाकडं नाही.

त्यानं पंपाची नळी खाली केली. मग गुंडाला म्हणाला, "फुडच्या घराला चल."

"आन् ह्ये?"

"म्हनलं न्हवं, फुडच्या घराला चल."

त्या घरापुढून पंप पुढं गेला. गाव बोलत राहिलं. विहिरीवर बनुबाई गेली की बायका घागरी भरता भरता गप्प व्हायच्या. मुकादमाला घर सांभाळता येत नाही, तो गाव काय सांभाळणार, असं पुरुष म्हणत. लालासाहेब जेवायचा आणि उठायचा. पण त्यानं आपल्या वरच्या डॉक्टरला चिठ्ठी पाठवली होती: एक घर राहिले आहे, घर माझे आहे, बाईचे म्हणणे आपण ऐकावे. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. डॉक्टरची जीप चौथ्या दिवशी वाडीत शिरली तेव्हा तिला कळलं.

डॉक्टर गंगाधर हरोलीकर सांगलीहून आले होते. चाळिशीचे, उन्हानं रापलेले. वर्षभर याच गावांतून फिरून त्यांचा आवाज बसला होता. ते ओसरीवर घोंगडीवर बसले. बनुबाई माजघराच्या दारात उभी राहिली. डॉक्टरांनी आधी शांतपणे आकडे सांगितले. मागच्या साली या पाटाखालच्या गावांतून हिवानं किती गेले आणि यंदा किती. फरक मोठा होता.

"त्ये मला ठावं हाय," बनुबाई म्हणाली. "माजी लेक त्याच पाटाखालची. मी काय इचारते त्येचं सांगा. हे भितीवर किती दिस ऱ्हातंय?"

"तीन-चार महिने. त्यासाठीच तर ते चांगलं."

"पाण्यानं जातंय?"

"नाही. पाण्यात विरघळत नाही."

"तुपात, तेलात?"

डॉक्टरांनी मान वर केली. "तेलात विरघळतं," ते सावकाश म्हणाले. "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"सांगितलं न्हाई कुणी. गोठ्याच्या खांबाला श्रावणातलं लागलेलं हुतं, त्ये पाण्यानं गेलं न्हाई, गोडेतेलाच्या बोटानं गेलं. दुधात तूप आस्तंय, डाक्तर. बाईच्या बी."

मग तिनं पिल्लांचं सांगितलं; कुठल्या दिवशी काय, कुठलं पिल्लू आधी, आई तेव्हा उभी होती की पडलेली. डॉक्टर म्हणाले, पिल्लं उपाशी राहून मेली असतील, आईला आटलं असेल. ती म्हणाली, उपाशी पिल्लू निपचित पडतं, कापत नाही. डॉक्टर म्हणाले, माणसाचं अंग मोठं, प्रमाण फार कमी. ती म्हणाली, "लेकराचं आंग मोठं न्हाई." ओसरीवर भाऊसो होते, चंद्राबाई होती, दारात लीलाबाई आणि आणखी चार-पाच बायका येऊन उभ्या होत्या. कुणी हसलं नाही.

"कुन्या बाईचं दूध तपासलंया का आजवर? हितं, न्हाईतर सायबाच्या मुलखात?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तपासलं असेल तर माझ्या वाचनात नाही," ते म्हणाले. "जनावरांवर काही काम चाललंय असं ऐकतो. माणसाचं मला माहीत नाही, बाई."

बनुबाई पुढं कित्येकदा सांगायची की त्या दिवशी तिला पहिल्यांदा बरं वाटलं. पाटलांनी दरडावलं, नवऱ्यानं समजावलं, सासूनं बोल लावले, पण माहीत नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"मग तपासा," ती म्हणाली, आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात औषधाची धुतलेली बाटली होती, तळाशी तीन बोटं दूध. ओसरीवरच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. चंद्राबाईनं कपाळाला हात लावला. बनुबाईनं बाटली डॉक्टरांपुढं ठेवली. "ह्ये खालच्या आळीचं. ह्या घरात ह्या खेपंला अजून मारलेलं न्हाई. आता वरच्या आळीचं बी घिऊन जावा, म्हंजी ताडून बगता ईल." ती दाराकडं वळली. "लिले, चल."

लीलाबाई लाजेनं लाल झाली होती. तिनं एकदा डॉक्टरांकडं, एकदा पाटलांकडं पाहिलं. मग बनुबाईबरोबर आत गेली. दुसरी बाटली आली, तिच्या गळ्याला ओळखीसाठी तांबडा दोरा बांधलेला.

डॉक्टर म्हणाले, "इथे असं तपासायची सोय नाही. सांगलीतही नाही. पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल, आणि तिथंही करता येईल का मी सांगू शकत नाही."

"पाठवा तर खरं."

त्यांनी बाटल्या घेतल्या. स्वतःच्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. मग ते जरा करड्या आवाजात म्हणाले, "पण उत्तर येईपर्यंत घर उघडं ठेवता येणार नाही. डास उत्तराची वाट बघणार नाहीत. तुमच्याच मुलीला ताप आला तर?"

याचा विचार बनुबाईनं चार दिवस केला होता. ती उंबऱ्याशी खाली बसली आणि एकेक बोट दुमडत सांगू लागली. ओसरी, परसू, गोठ्याची भिंत, आढं, सगळीकडं मारा. माजघरात बाळंतीण आणि लेकरू निजतं तिथं मारू नका. तिथं चुन्याचे दोन हात द्या आणि पलटणीतून आणलेली मच्छरदाणी लावा. मारायच्या आधी भांडी, पीठ, पाणी, पाळण्याच्या चिंध्या सगळं अंगणात निघालं पाहिजे. तुमची माणसं घाईत तशीच मारतात. मारल्यावर आठ दिवस पाजती बाई त्या घरात झोपणार नाही. मळ्यात पाचटाची खोप घालू, तिथं राहू, लिंबाचा धूर करू.

"आणि हे मी मान्य केलं नाही तर?"

"तर तुमी मारा. मी उंबऱ्यावरनं उठते. तुमची जीप पाटावर जाईस्तवर शेणाचा काला करून सगळ्या भिती सारवून काढते. ह्या उभ्या हायती त्या बी सारवतील."

मुकादमानं आणि डॉक्टरांनी एकमेकांकडं पाहिलं. फवारणीवाल्यांना सगळ्यात धाक त्याचाच असायचा. सारवलेल्या भिंतीवर औषध मेलं. पोलीसपाटील बाईला उंबऱ्यावरून उठवू शकतो, पण स्वतःच्या घरात सारवण घालण्यापासून कोण कुणाला अडवणार? दारातल्या बायका सारवणार होत्या की नाही, देव जाणे. पण त्यांच्यापैकी एकीनंही नाही म्हटलं नाही.

डॉक्टर हरोलीकर उठले. "माझ्या सूचनांत हे बसत नाही," ते लालासाहेबाला म्हणाले. "पण माझ्या सूचनांत तिच्या प्रश्नाचं उत्तरही नाही. या गावापुरतं करा."

तशी ती फवारणी झाली. बनुबाई, आणि घरं आधीच मारून झाली असली तरी लीलाबाई आणि आणखी दोन पाजत्या बाया, पोरं घेऊन मळ्यात आठ दिवस खोपीत राहिल्या. थंडी पडली होती. पाचटातून वारा शिरायचा, मेंढरं बें-बें करायची, एका मच्छरदाणीत चार पोरं ओळीनं निजायची. चौथ्या दिवशी लीलाबाई कंटाळून घरी जाते म्हणाली. बनुबाई म्हणाली, "जा की. मी कुनाला धरून ठिवलंय?" लीलाबाई गेली नाही. पाचव्या दिवशी चंद्राबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आली, तिनं नातीचं अंग हाताळून पाहिलं, आणि धूर नीट होत नाही म्हणून लिंबाचा ओला पाला काढून स्वतःच पुन्हा रचला.

पौषात डॉक्टरांचं कार्ड आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. बाटल्या वाटेतच नासल्या. पुण्याला लिहिलं होतं. असं दूध तपासायची रीत आमच्याकडे नाही असं उत्तर आलं. आपला प्रश्न मी माझ्या वार्षिक अहवालात लिहिला आहे. तो कोणी वाचेल की नाही, मला माहीत नाही. खाली त्यांची सही, आणि सहीखाली: मुलीची प्रकृती कळवावी.

"उत्तर लिवा," बनुबाई मास्तरांना म्हणाली. "पोरगी बरी हाय. दूध पुन्हा पाठवते. ह्या टायमाला बर्फात ठिवा. सांगलीत बर्फ मिळतो म्हणत्यात."

मास्तरांनी लिहिलं. तिनं पुन्हा पाठवलंही, लालासाहेबाच्या हाती. त्याचं काय झालं ते कळलं नाही, कारण तोवर डॉक्टरांची बदली झाली होती आणि नव्या माणसाला बाटली कसली तेच उमगलं नाही. पुढच्या वर्षी सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, कचेऱ्या हलल्या, आणि तो अहवाल कुठल्या गठ्ठ्यात गेला हे विचारायला बनुबाई एकदा स्वतः एसटीनं सांगलीला जाऊन आली. कारकुनानं तिला दुपारभर बाकावर बसवलं. ती बसली. शेवटी त्यानं मिळत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मिळत न्हाई हे कागदावर लिवून द्या." त्यानं काही दिलं नाही.

शालनला हीव आलं नाही. तिला कधी झटकाही आला नाही. लीलाबाईचा मुलगाही फवारलेल्या घरातच वाढला, त्यालाही वरवर काही झालं नाही. लोक बनुबाईला ते बोलून दाखवायचे. ती म्हणायची, "चांगलं झालं. माजं म्हणनं बी तेच हुतं, की ठावं न्हाई. तुमाला आता तरी ठावं हाय का?"

बदललं ते इतकंच. एकोणपन्नासच्या पावसाळ्यात लालासाहेबाचं पथक पाटाखालच्या दुसऱ्या एका गावात काम करत होतं. नवा तपासनीस पाहणीला आला. त्यानं पाहिलं की पंप सुरू करण्याआधी मुकादम दारात उभा राहून विचारतो, "घरात पाजती बाई हाय का?" आणि हो म्हटलं की भांडी बाहेर, पीठ बाहेर, माजघर सोडून बाकी घर. कामाला दुप्पट वेळ लागत होता.

"हे कुणाचं फर्मान?" तपासनिसानं विचारलं. "लेखी आहे?"

"न्हाई. तोंडी हाय," लालासाहेब म्हणाला.

"कुणाचं?"

"माज्या बायकोचं."

तपासनीस मोठ्यानं हसला. लालासाहेब हसला नाही. तो पलटणीतल्यासारखा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, माजघर सोडून काम चोख झालं न्हाई तर मला काढून टाका. पन इचारल्याबिगर मी पाजत्या बाईच्या घरात मारायचो न्हाई." तपासनिसानं दोन-चार घरांतून जाऊन भिंती पाहिल्या. काम खरंच चोख होतं. तो काहीतरी टिपून घेऊन निघून गेला आणि पुन्हा त्या गोष्टीवर बोलला नाही.

दिवस मावळताना लालासाहेबानं घरी हे सांगितलं. सांगताना त्याला थोडा अभिमान वाटत होता आणि तो त्याला लपवता येत नव्हता. बनुबाई शालनला घेऊन बसली होती. पोर आता वर्षाची होत आली होती, भाकरीचा काला खायची, तरी अंगावर प्यायचं सोडत नव्हती.

"त्यो सायेब लय शिकलेला हुता का?" तिनं विचारलं.

"दिसत तर हुता."

"मग त्येला इचारलं का?"

"काय?"

"दुधात उतरतं का."

लालासाहेब घुटमळला. "न्हाई. तेवढं ऱ्हायलं."

"उद्या कुटं गाठ पडंल त्येची?"

"इस्लामपुरात आसंल, परवापतूर."

"मग मी उद्या येते तुमच्यासंगं," बनुबाई म्हणाली, आणि पोरीला दुसऱ्या बाजूला वळवलं.